कालपोचा चिखल

अंगणातल्या नळावर दात घासताना वारा समुद्राकडून आला, की यॉनजू ब्रश तोंडात तसाच धरून घरात पळायची. तसं तिला वासांचं वावडं नव्हतं. किनाऱ्याला लागून फुगलेल्या देवमाशाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिने नमुने काढले होते आणि त्याच दुपारी डब्यातला भात खाल्ला होता. बरोबरीचे लोक तिच्याकडे बघत राहिले होते. पण कालपोच्या खाजणाचा वास नाकात थांबत नसे, तो जिभेवर येऊन बसे. सडकी अंडी, तुंबलेलं गटार, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी गोडसर, जुन्या जखमेच्या पट्टीसारखं. दिवसभर काम करून आलं की मीठ लावलेला मुळाही तिला त्याच चवीचा लागायचा.

हे खाजण एके काळी कालपो गावाचं पोट होतं. ओहोटी लागली की नजर पोचेल तिथवर करडा, मऊ चिखल उघडा पडायचा, आणि गावातल्या बायका गुडघ्याएवढे बूट चढवून, लोखंडी आकडे घेऊन तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला उतरायच्या. त्या तिसऱ्यांवर पोरं शिकली, शहरात गेली, तिथेच राहिली. मग सरकारने शेतीसाठी समुद्रात बांध घातला. शेती झालीच नाही. बांधाआडचं पाणी कुजलं, खालचा चिखल डांबरासारखा काळा पडला आणि त्यातलं जे जे हलत होतं ते मेलं. आता म्हातारपणी सरकारला शहाणपण सुचलं होतं. बांधाची दारं उघडून भरती पुन्हा आत घेतली जात होती, आणि मेलेलं खाजण जिवंत होतंय का हे बघायला यॉनजूला पाठवलं होतं. चिखलात राहणाऱ्या जीवांचा तिचा अभ्यास. गावातल्या बायका तिला डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

ती मालसुन मावशीकडे भाड्याने राहायची. मावशी एकटी, पंचाहत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली. बोलणं मात्र ताठ. यॉनजूची आई लवकर गेली होती. सकाळी गरम भात वाढून "सगळा संपव, हाडं दिसतायत" म्हणणारं कुणीतरी तिला बऱ्याच वर्षांनी मिळालं होतं.

दोन पावसाळे गेले. खाजणात काही उगवलं नाही. पैदास केंद्रातून तिसऱ्यांचं बी आणून पेरलं, तेही मेलं. ओहोटीला त्याच्या बारीक पांढऱ्या शिंपल्या काळ्या चिखलावर दुधाच्या दातांसारख्या पसरलेल्या दिसायच्या. खोरं मारलं की खड्ड्यातून बुडबुडे यायचे, आणि हाताला लागलेला तो बुळबुळीत गाळ साबणाने धुतला तरी नखांत राहायचा. ओकबुन म्हणून एक म्हातारी होती, तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची पूर्वीची मुकादम. ती बांधावरून ओरडून विचारायची, "डॉक्टरीणबाई, मढ्याची नाडी अजून किती वर्षं बघणार?"

यॉनजू सांगायची की धीर धरा, आधी किडे येतील, मग खेकडे, तिसऱ्या सगळ्यात शेवटी. ओकबुन म्हणायची की तोवर आम्हीच किड्यांच्या पोटात असू.

त्यामुळे मालसुन मावशी एका सकाळी घमेलं भरून तिसऱ्या घेऊन आली तेव्हा यॉनजूला वाटलं की बाजारातून आणल्या असतील. मावशीने मान हलवली. बांधाच्या पायथ्याशी मिळाल्या म्हणाली. सगळ्यात काळा, सगळ्यात कुजका चिखल तिथेच होता. गेल्या आठवड्यात तिथे पाय रुतला, तेव्हा बूट काढताना यॉनजूला कोरडी ओकारी आली होती.

तिसऱ्या मोठ्या होत्या, तळहाताएवढ्या. शिंपलीवर वर्षाला एक अशा रेघा उमटतात, तशा त्या यांच्यावर इतक्या दाट होत्या की बांध घातला त्याच्याही आधीपासून त्या तिथे असाव्यात. ज्या चिखलात किडा जगत नव्हता, त्यात त्या इतकी वर्षं काय खाऊन वाढल्या, हे तिला कळेना. तिने एक उचलली आणि लगेच खाली ठेवली. मग पुन्हा उचलून पाहिली.

तिसरी कोमट होती. आजारी माणसाचा हात असतो, तशी.

चाकूने फोडली तर आतलं मांस गुलाबी निघालं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला खाजणाचा वास नव्हता. कसलाच वास नव्हता. चाकूचं टोक लागलं तसं ते आक्रसलं आणि मग हळूहळू पुन्हा पसरून पात्याला चिकटलं. यॉनजूने पातं फडक्याने पुसलं, पुसून झाल्यावर फडकं फेकून दिलं.

तिने मावशीला बजावलं की तपासणी होईपर्यंत कुणी खायच्या नाहीत. नमुने शहरात पाठवले. इकडे मावशीने रीतीप्रमाणे उरलेल्या तिसऱ्या खाऱ्या पाण्यात घातल्या आणि घमेल्यावर शेतात अंथरायचं काळं प्लास्टिक टाकलं. काळोख झाला की तिसरीला आपण चिखलात घरीच आहोत असं वाटतं. ती तोंड उघडते आणि पोटातली सगळी माती ओकून टाकते. यॉनजूने लहानपणी आईला असंच करताना पाहिलं होतं. सकाळी प्लास्टिक काढलं की तळाशी बोटभर गाळ बसलेला असतो.

या तिसऱ्यांनी काहीच ओकलं नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. पाणी बदललं, पुन्हा झाकलं, तरी तळाला एक कण नाही. मावशी खूश झाली. "बघ, किती स्वच्छ माल आहे." यॉनजूने घमेल्याचा तळ बोटाने घासून पाहिला. चिखलात जन्म काढलेल्या जिवाच्या पोटात चिखल नसावा, हे तिला पटत नव्हतं.

तपासणीचा निकाल आला. विष नाही, जड धातू नाहीत, जंतू नाहीत. इतका निर्दोष निकाल तिने कधी पाहिला नव्हता.

बायकांनी गावच्या बैठकघरात मोठं पातेलं चढवलं. हाताने कापलेल्या जाड शेवया, भोपळा, लसूण आणि त्या तिसऱ्या. कितीतरी वर्षांनी कालपोत कालपोचं कालगुक्सू शिजत होतं. ओकबुन पहिला घोट घेऊन रडली. यॉनजूच्या वाडग्यात मावशीने निवडून मोठाल्या तिसऱ्या वाढल्या. शिजूनही त्यांचं मांस तसंच गुलाबी होतं आणि रश्श्यावर दुधाच्या सायीसारखा पातळ पापुद्रा धरला होता. यॉनजूने चमचा उचलला. मग तो तसाच खाली ठेवला. पोट बिघडलंय असं सांगून तिने वाडगा सरकवला.

"मेलेल्या देवमाशाशेजारी बसून जेवते," मावशी सगळ्यांना म्हणाली, "आणि आमचा रस्सा हिला जात नाही." बायका हसल्या. तो वाडगा ओकबुनने संपवला.

पंधरवडाभर काही झालं नाही.

मग एका सकाळी यॉनजू नळावर गेली तर मावशी मोरीवर ओणवी होती. तिला वाटलं, दात घासतेय. मावशीच्या तोंडातून करडा चिखल पडत होता. उलटी होताना माणूस ढवळून निघतो, डोळ्यांतून पाणी येतं, तसलं काही नव्हतं. तोंड नुसतं उघडं होतं आणि खालच्या ओठावरून तो मऊ, चकाकता चिखल दोरीसारखा, सावकाश उतरत होता. संपल्यावर मावशीने चूळ भरली, पदराने पुसावं तसं ॲप्रनच्या टोकाने तोंड पुसलं आणि भात झालाय म्हणाली.

यॉनजूने तिला गाडीत घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढले, नळी घालून पाहिलं, रक्त तपासलं. पोट रिकामं आणि स्वच्छ. म्हाताऱ्या माणसाने माती खाल्ली असेल, होतं असं, ते म्हणाले. बाकी या वयात इतकी ठणठणीत बाई त्यांनी पाहिली नव्हती. परतीच्या वाटेवर मावशी खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. तिच्या गालांवरच्या सुरकुत्या भरून आल्या होत्या आणि कातडी सतत ओलसर दिसत होती, नुकतंच तोंड धुतल्यासारखी. पूर्वी याच हाताने तिने वाढलेला भात यॉनजू मुकाट्याने खायची. आता गिअर बदलताना तो हात चुकून आपल्या हाताला लागू नये म्हणून ती अंग चोरून बसली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मावशी एकटी नव्हती. ज्यांनी ज्यांनी ते कालगुक्सू खाल्लं, त्या सगळ्यांचं हेच होतं. कुणाला दुखत नव्हतं. कुणी घाबरलं नव्हतं. परसात, गटाराशी, भाजीच्या वाफ्याशी करड्या चिखलाचे छोटे ढीग दिसू लागले. यॉनजू पावलं बघून टाकायची. तिने मावशीकडे जेवणं सोडलं. दुकानातली बिस्किटं आणि बंद पाकिटातल्या शेवया, तेवढंच ती खायची, आणि तेही दाराकडे पाठ करून.

एका ढिगातला थोडासा चिखल तिने चिमट्याने उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आधी तिने त्याचा वास घेतला. घ्यायचा नव्हता, पण सवय. त्याला समुद्राचा वास होता. निरोगी खाजणाला येतो तो स्वच्छ, खारट, किंचित काकडीसारखा वास. काचेखाली सगळं वळवळत होतं. तिसऱ्यांचं बी, कालवांचं बी, किड्यांची पिल्लं, एका थेंबात मावणार नाहीत इतकी, आणि सगळी जिवंत. ज्या बीसाठी तिने दोन वर्षं सरकारला विनवण्या केल्या, ते मालसुन मावशीच्या तोंडातून आलं होतं.

ती मोरीवर जाऊन पोटात काही नसताना ओकली. मग जे पडलं ते पिवळं पित्त होतं ना, हे तिने वाकून नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत कुणी दिसेना. बैठकघराच्या खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक लावलेलं होतं. दाराशी म्हाताऱ्यांच्या चपला नीट ओळीने मांडलेल्या होत्या. यॉनजूने हाक मारली. आतून बारीक आवाज येत होता, ओल्या बोटांनी कुणी कागद चाळवावा तसा.

तिने दार सरकवलं.

काळोखात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर खाऱ्या पाण्याचं घमेलं. माना किंचित पुढे, डोळे मिटलेले, तोंडं थोडी उघडी. प्रत्येकीच्या ओठांतून जिभेचं टोक बाहेर आलं होतं, फिकट, जाडसर, आणि ते हवेत हळूहळू काहीतरी शोधल्यासारखं हलत होतं. ओठांच्या कडांवरून चिखल झिरपत होता. मालसुन मावशी दाराजवळ होती. तिच्या गुडघ्यावर यॉनजूनेच आणलेली शाल होती.

दारातून उजेडाचा पट्टा आत पडला.

सगळी तोंडं एकदम मिटली.

त्या मिटण्याचा आवाज आला. शिंपल्या मिटतात तो.

यॉनजू बैठकघराच्या अंगणात जाऊन बसली. बऱ्याच वेळाने मावशी बाहेर आली, हातात घमेलं. तिने ते जपून खाली ठेवलं आणि यॉनजूशेजारी टेकली. यॉनजू नकळत बाजूला सरकली. मावशीने ते पाहिलं.

"किळस येते?" मावशीने विचारलं.

"येते."

"येणारच. मलाही पहिल्यांदा आली." मावशी घमेल्याकडे बघत होती. "काळोखात बरं वाटतं गं. कुणीतरी पोटातून घर झाडून काढतंय असं वाटतं."

"मावशी, हे थांबवा. मी तुम्हाला राजधानीत, सोलला नेते. मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

"आणि खाजणाचं काय करतेस?"

यॉनजू मान वळवून बांधाकडे बघू लागली.

"गिळायला सगळे येतात," मावशी म्हणाली. "बाई गं, ओकणारंही कुणी लागतं की नाही?" ती उठली. ओहोटी लागली होती. बाकीच्या बायकाही घमेली घेऊन बांधाकडे निघाल्या होत्या, जुन्या दिवसांसारख्या एका रांगेत, एकमेकींची थट्टा करत.

त्यांनी जिथे जिथे घमेली रिकामी केली, तिथे काळा चिखल करडा झाला. आठ दिवसांत किड्यांच्या विष्ठेच्या नक्षीदार वेटोळी दिसली, मग खेकड्यांची बिळं, मग दूर देशी जाणारे लांब चोचीचे पक्षी उतरले. बांधावर उभं राहिलं की वाऱ्याला समुद्राचा वास येऊ लागला. आयुष्यभर यॉनजूने ज्याची वाट पाहिली होती ते तिच्यासमोर मैलभर पसरलं होतं, आणि तिला त्यात पाऊल टाकवत नव्हतं.

तिने आपल्या सरकारी खात्याला कळवलं की ताबडतोब या, इथे काहीतरी गंभीर आहे. खात्याचे यॉम साहेब चारजणांना घेऊन आले. भला माणूस. बांधाच्या दारांसाठी खात्यात भांडला होता तो हाच. खाजण पाहून तो लहान मुलासारखा हसला. यॉनजू त्याला बाजूला घेऊन सांगणार, तेवढ्यात ओकबुनने सगळ्यांना बैठकघरात बोलावलं. खिडक्या उघड्या होत्या, जमीन पुसलेली होती, पातेल्यातून वाफ येत होती.

"साहेब, खाऊ नका," यॉनजू म्हणाली.

मालसुन मावशीच्या हातातला वाडगा तसाच राहिला. यॉम साहेबांनी यॉनजूकडे पाहिलं, मग त्या वाकलेल्या पाठीकडे.

"पाहुणचार आहे," ते हळूच म्हणाले, थोडे रागावून. "असं बोलू नये." त्यांनी वाडगा घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला. बाकीच्या चौघांनी पुन्हा मागून घेतलं.

यॉनजूने त्याच संध्याकाळी खोली सोडली. मावशीने गाडीपर्यंत तिची पिशवी आणून दिली. पिशवीत मावशीने ठेवलेली वाळवलेली पर्सिमन फळं होती. यॉनजूने ती वाटेतल्या पेट्रोल पंपावरच्या कचऱ्यात टाकली आणि पुढे गाडी उभी करून ती रडली.

महिन्याभराने राजधानीत बैठक ठरली. कालपोचा अहवाल यॉनजूनेच मांडायचा होता. तिने ठरवलं की काहीही लपवायचं नाही. घमेली, काळं प्लास्टिक, काचेखालचे थेंब, सगळ्यांची चित्रं तिने क्रमाने लावली. नोकरी गेली तर गेली.

दहाव्या मजल्यावरची लख्ख खोली. लांब टेबल, कॉफीचे कागदी कप. यॉम साहेब मध्यभागी, बाजूला त्या दिवशीचे चौघे, आणि बरेच नवे चेहरे. यॉम साहेब तिच्याशी फार प्रेमाने बोलले. त्यांचे गाल भरले होते. चित्रं नीट दिसावीत म्हणून कुणीतरी पडदे ओढले, दिवे बंद केले.

ती बोलू लागली. खाजणाबद्दल, बांधाच्या पायथ्याबद्दल, कोमट तिसऱ्यांबद्दल. बैठकघराचं चित्र पडद्यावर आलं. तिने श्वास घेतला.

टेबलाच्या मधल्या भागातून एक बारीक ओला आवाज आला.

मग त्याच्या शेजारून एक.

मग दूर टोकाकडून, जिथे तिच्या ओळखीचं कुणी बसलेलं नव्हतं.

ती बोलायची थांबली. अंधारात कागदी कप वर जात होते, थांबत होते, खाली येत होते.

दिवे लागले. सगळे व्यवस्थित बसले होते. कुणी रुमालाने ओठ टिपत होतं, कुणी कागद सारखे करत होतं. यॉम साहेबांनी टाळ्या वाजवल्या, इतरांनीही.

"उत्तम मांडलंत," ते म्हणाले. "दक्षिणेला असाच एक बांध आहे. त्यामागचं तळं तर याहून वाईट. मंजुरी झालीये, पुढच्या आठवड्यात तुम्ही निघायचं." त्यांनी आपला कप उचलला आणि टेबलावरून वाकून तिच्यापुढे धरला. "हे बरोबर असू द्या. तिथे सुरुवातीला लागेल."

वडीलधाऱ्याने काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, हे यॉनजूच्या हाडांत मुरलेलं होतं. तिचे हात आपोआप पुढे झाले. कप कोमट होता.